जिथे हात लागला, तिथे नजर टाका: ट्रक पहिल्यांदा सर्व्हिसिंगला नेणाऱ्यांसाठी

पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून गाडी न्हावाशेवाला निघाली होती. आदल्या संध्याकाळीच ती अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसिंग होऊन आलेली. बिल भरलेलं, गाडी धुतलेली, केबिनमध्ये पायाखाली नवा कागद अंथरलेला. घोटीचा टोलनाका जवळ आला तसा आमच्या उस्तादांचा, म्हणजे ड्रायव्हरचा, फोन आला, "शेठ, स्टेअरिंगला बारीक थरथर आहे. काल नव्हती." मी म्हटलं, टायरमध्ये खडा अडकला असेल. ते म्हणाले, "बाजूला घेऊन बघतोच." बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट गायब, आणि उरलेल्यांपैकी तीन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. पुढे इगतपुरी, आणि इगतपुरीनंतर कसारा घाट.

त्या चाकाला सर्व्हिसिंगमध्ये हात लागलाच कशाला? तर मीच जाता जाता म्हटलं होतं, "ब्रेक पण जरा बघा." ब्रेकचे लायनर बघायला चाक उतरवलं, ड्रम काढला, परत बसवला. नट हवेच्या गनने लावले आणि टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) शेवटचा आवळ द्यायचं काम दुसऱ्या पोरावर सोडलं. त्याला वाटलं ते झालंय. वर्कशॉपमध्ये नंतर मला कळलं ते एवढंच.

गेल्या काही वर्षांत माझ्या तीन गाड्यांची बरीच सर्व्हिसिंग झाली. त्यातून मला एक गोष्ट पक्की समजली आहे. जे काम वर्कशॉपने केलंच नाही त्याने गाडी सहसा लगेच रस्त्यावर उभी राहत नाही. उभी राहते ती उघडून अर्धवट मिटलेल्या कामाने. न बदललेला फिल्टर आणखी महिनाभर चालेल, पण सैल बसवलेला फिल्टर पुढच्या ढाब्यापर्यंतही नेणार नाही. म्हणून मिस्त्रीपेक्षा जास्त ज्ञान मिळवायच्या नादी लागू नका. आज गाडीच्या कोणकोणत्या जागी कोणाचा हात लागला, तेवढं माहीत करून घ्या आणि नेमक्या त्याच जागा तपासा.

हा लेख ज्यांनी कर्ज काढून पहिली बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) गाडी घेतली आहे आणि अजून "शोरूमवाले बघतील" या भरवशावर आहेत, त्यांच्यासाठी.

पायरी पहिली: घरून निघण्याआधी

गाडीबरोबर आलेलं सर्व्हिसचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असतं. ते काढा. ऑइल किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी बदलायचं, दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं असतं. कोणत्या ग्रेडचं आणि किती लिटर, हेही त्यातच आहे. हे तीन आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही नव्या गाड्यांत ऑइल बदलायचं अंतर ८०,००० किलोमीटरच्या पुढे गेलं आहे. याचा आनंद होतोच, पण दुसरी बाजूही आहे. पूर्वी चुकीचं ऑइल पडलं तरी दहा-पंधरा हजारांनी ते निघून जायचं. आता एकदा चुकलं की ते वर्षभर इंजिनात फिरत राहतं.

गाडी रिकामी न्या. भरलेल्या गाडीचं काम कोणी नीट करत नाही, करूही शकत नाही.

केबिन पुढे झुकणारी असेल, तर निघण्याआधी ती आतून झाडून मोकळी करा. हे मी हौसेने सांगत नाही. इंजिनाला हात घालायला केबिन झुकवावी लागते. झुकवली की सीटमागचा जॅक, पाण्याची कॅन, टामी, देवाची पितळी मूर्ती, जे काही सुटं असेल ते घरंगळत थेट पुढच्या काचेवर येतं. काच फुटते. मग वर्कशॉप म्हणतं सामान तुमचं होतं आणि तुम्ही म्हणता केबिन तुम्ही झुकवली. दोघांचंही खरं असतं, पण नव्या काचेचे पैसे एकालाच भरावे लागतात.

मग फोटो. मीटरचं रीडिंग, डिझेलचा काटा, डीईएफचा (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याचा) काटा, बॅटरीवरचा नंबर, प्रत्येक टायरच्या बाजूला कोरलेला नंबर आणि स्टेपनीचाही. चारही बाजूंनी बॉडी. पाच मिनिटांचं काम आहे. चोरी होईल म्हणून हे करायचं असं नाही. चार गाड्या एकदम उभ्या असल्या की स्टेपनी, जॅक, व्हील पाना यांची अदलाबदल होते, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

शेवटचं, तक्रारी कागदावर लिहा आणि लक्षणं लिहा, इलाज लिहू नका. "लायनर बदला" असं लिहिलं तर ते लायनर बदलतील आणि दोष दुसरीकडेच राहील. "चाळीसच्या वर ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, गाडी भरलेली असताना जास्त" असं लिहा. हे लिहायला ड्रायव्हरला शेजारी बसवा. गाडी त्याच्या हातात असते, आपल्या हातात फक्त हप्ता.

पायरी दुसरी: जॉब कार्ड

काउंटरवरचा सर्व्हिस ॲडव्हायझर भराभर टाइप करतो, जॉब कार्डाची, म्हणजे करायच्या कामांच्या यादीची, प्रिंट काढतो आणि "इथे सही" म्हणतो. थांबा. सगळी सर्व्हिसिंग या एका कागदावर उभी असते. तुम्ही तोंडी सांगितलेलं काम शेडमधल्या मिस्त्रीपर्यंत पोहोचत नाही, त्याच्या हातात हा कागदच जातो. माझं "ब्रेक पण जरा बघा" कार्डावर नव्हतं. त्यामुळे ते कोणी केलं, कोणी तपासलं, याची नोंदच नव्हती. नंतर भांडताना मला सगळ्यात महाग पडलं ते हेच.

कार्डावर काय असायला हवं ते सांगतो. तुमच्या तक्रारी तुमच्याच शब्दांत. ऑइलचा ग्रेड आणि लिटर. अंदाजे खर्च, आणि त्याखाली हाताने लिहिलेली ओळ: "यापेक्षा जास्त काम निघाल्यास फोनवर विचारून मगच करावे." बदललेले जुने पार्ट परत हवेत, हेही लिहा. मात्र वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे पाठवावा लागतो म्हणून तो सहसा परत मिळत नाही, त्यावर हट्ट धरू नका. पैसे देऊन बदललेला पार्ट तुमचा आहे.

कार्डाची एक प्रत तुमच्याकडे राहू द्या. "संध्याकाळी बिलाबरोबर देतो" हे उत्तर चालणार नाही. फोटो काढा, झालं.

आणि एक आपल्याकडचा दोष. "आजच पाहिजे, रात्री लोडिंग आहे" असं आपण गेटमधून आत जाताना सांगतो, आणि तिथूनच घाई सुरू होते. जेवणाची सुट्टी, पाळी बदलणं, एक मिस्त्री दुसऱ्या गाडीवर पळवणं, या सगळ्या फटी घाईत रुंदावतात. शक्य असेल तर सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवसाचं भाडं घेऊ नका. मला ठाऊक आहे, एक दिवस गाडी उभी राहणं म्हणजे काय ते. तरी सांगतो.

पायरी तिसरी: शेडमध्ये काय चुकतं

बऱ्याच वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकाला शेडमध्ये जाऊ देत नाहीत. सुरक्षिततेचं कारण असतं आणि ते खोटं नाही. पण फोरमनला नीट विचारलं तर दोन-तीन वेळा आत बोलावतात: ऑइल काढताना, फिल्टर लावताना, चाक आवळताना. दिवसभर डोक्यावर उभं राहू नका. त्याने मिस्त्री चिडतो आणि तुमची जागा सोडून बाकी सगळीकडे चुका होतात.

चाकांपासून सुरुवात करतो. जिवाशी गाठ तिथेच आहे.

नट हवेच्या गनने लावणं चूक नाही. गनवरच थांबणं चूक आहे. गन कधी कमी आवळते, कधी जास्त. जास्त आवळली की स्टड (नट ज्यावर चढतो तो बोल्ट) ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या आकड्यावर, समोरासमोरचे नट घेत द्यायचा असतो. एका बाजूने गोल गोल आवळत गेलं तर डिस्क (टायर ज्यावर चढतो ते लोखंडी चाक) तिरकी बसते. त्याआधी हबची (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाची) आणि डिस्कची टेकणारी जागा तारेच्या ब्रशने साफ झाली पाहिजे. मधे गंज, चिखल किंवा जाड रंग राहिला तर गाडी चालल्यावर तो दबतो, आणि तेवढाच नट ढिला होतो. म्हणजे सगळं बरोबर आवळलेलं असूनही नट सैल पडू शकतो. म्हणूनच चाक उतरवल्यानंतर साधारण ५० ते १०० किलोमीटरवर पुन्हा टॉर्क तपासायचा असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात आहे. हे दुसऱ्यांदा आवळणं कोणतंही वर्कशॉप रस्त्यावर येऊन करत नाही, ते तुम्हालाच करून घ्यावं लागतं.

जुन्या काही गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. तुमची गाडी तशी आहे का ते ड्रायव्हरला माहीत हवं, नाहीतर आवळायच्या नावाखाली तो सोडवत बसेल.

आता ऑइल. ऑइल बदलण्यात चार जागी घोळ होतो.

एक, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन प्लग. त्याखालचा तांब्याचा वायसर दरवेळी नवा लागतो. जुनाच लावला तर थेंब थेंब गळतं, मग कोणीतरी प्लग जोर लावून आवळतो आणि चेंबरचे आटे जातात. दोन, फिल्टर. जुना फिल्टर काढताना त्याचं रबर कधीकधी इंजिनालाच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रबरं एकावर एक बसतात. गाडी उभी असताना काही कळत नाही, ऑइलचं प्रेशर आलं की ते रबर निसटतं आणि पाच-दहा मिनिटांत चेंबर रिकामा. म्हणून फिल्टर काढला त्या क्षणी तिथे असा आणि जुन्या फिल्टरवर त्याचं रबर आहे ना, एवढं बघा. तीन, जास्त ऑइल. पिंप उघडं आहे, नळी लावली आहे, पोरगा फोनवर बोलतोय. मोठ्या इंजिनात वीस-पंचवीस लिटरपर्यंत ऑइल जातं, दोन-तीन लिटर जास्त गेले तर कळतही नाही. जास्त ऑइल क्रँकच्या फेऱ्यात येऊन फेसाळतं, श्वसननळीतून बाहेर येतं, सील फाडतं. चार, ग्रेड. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असेल तर त्याला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, साधारणपणे सीके-४ किंवा कंपनीने सांगितलेलं त्या जातीचं. जुन्या गाड्यांसाठीच्या पिंपातलं सीआय-४ ऑइल त्यात घातलं तर इंजिन कुरकुरत नाही, पण राख साचत साचत तो फिल्टर तुंबतो. तो बदलण्याचा खर्च ऐकून खाली बसाल.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं की नवे मालक भांडायला जातात, "बदललंच नाही!" डिझेल इंजिनात आत राहिलेली काजळी नव्या ऑइलला थोड्याच वेळात काळं करते. काळेपणा हा पुरावा नाही. पुरावा पाहिजे तर फिल्टर बघा. तो नवा आहे का, आणि त्यावर मार्करने तारीख व किलोमीटर लिहिलेत का. आमच्या वहीत आता तोच नियम आहे, लिहिलेलं नसेल तर आम्ही लिहून घेतो.

डिझेल फिल्टर बदलल्यावर गाडी "हवा धरते". शेडमध्ये सुरू होते, गेटबाहेर चार-पाच किलोमीटर जाते आणि बंद पडते. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने हवा काढायची असते, ती घाईत अर्धवट राहते. अशा वेळी ड्रायव्हर सेल्फ मारत बसतो आणि हवेच्या जोडीला स्टार्टर आणि बॅटरीही घालवतो. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे विश्रांती, आणि आधी हातपंप. दुसरं, काही मिस्त्री नवा फिल्टर बादलीतल्या डिझेलने भरून चढवतात, म्हणजे हवा काढायचा त्रास वाचतो. जुन्या पंपाच्या गाड्यांत हे खपायचं. नव्या गाड्यांतल्या कॉमन रेलच्या (खूप जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजेक्टरला ते न गाळलेलं डिझेल म्हणजे वाळू पाजल्यासारखं. तुमच्यासमोर असं होताना दिसलं तर गोड बोलून थांबवा.

मग युरिया. ड्रायव्हर लोक डीईएफला युरियाच म्हणतात. पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया, रंग नाही, सांडून वाळला की पांढरी भुकटी. टाकीचं झाकण निळं. डिझेलची टाकी आणि युरियाची टाकी शेजारी, दोन्हींना एकच नरसाळं, एकच डबा. सगळा घोटाळा इथून सुरू होतो. युरियाच्या टाकीत थोडंसं डिझेल, कूलंट किंवा नळाचं पाणी गेलं तरी मीटरवर दिवा लागतो आणि काही वेळाने गाडी ताकद कापते, घाटात बैलगाडी होते. डिझेलच्या टाकीत युरिया गेला तर त्याहून वाईट. असं झाल्याचा संशय जरी आला तरी चावी फिरवू नका. गाडी सुरू केली नाही तर टाकी धुऊन निभावतं. सुरू केली तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळी लाइन जाते. वर्कशॉपला "युरिया भरू नका, आम्ही भरू" असं कार्डावरच लिहून देणं मला सोपं वाटतं. दोन-तीनशे रुपयांच्या सोयीसाठी ही जोखीम नको.

एअर फिल्टर हवेने उडवून साफ करायची जुनी सवय आहे. जवळून जोराची हवा मारली की कागदाला बारीक भोकं पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण खाणीच्या किंवा बांधकामाच्या रस्त्यावरची धूळ त्यातून थेट इंजिनाच्या लायनर-पिस्टनपर्यंत जाते. मीटरवर किंवा डब्यावरच्या काट्यावर लाल आल्याशिवाय फिल्टर उघडूच नये. उघडला तर डब्याची क्लिप आणि पुढच्या नळीचा क्लॅम्प परत बसला का, ते बघणं फिल्टर बघण्याइतकंच महत्त्वाचं.

वेल्डिंग. सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीचं मडगार्ड किंवा ब्रॅकेट तुटलेलं दिसतं आणि कोणीतरी म्हणतं, दोन टाके मारून देतो. बॅटरीच्या तारा सोडल्याशिवाय चॅसिसवर वेल्डिंग केलं तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जळू शकतो. ईसीयूचे कनेक्टरही काढून ठेवायला कंपन्या सांगतात. पूर्वीच्या गाड्यांना हे दुखणं नव्हतं, त्यामुळे जुन्या वेल्डरांना ते सांगावंच लागतं.

ग्रीस आणि धुणं यांच्याबद्दल थोडक्यात. ग्रीस मारणारा पोरगा जिथे हात सहज पोहोचतो तेवढे निपल मारतो. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) आतल्या पिना सुटतात. निपलभोवती ताजं ग्रीस बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. धुताना जोराचं पाणी अल्टरनेटर आणि वायरिंगच्या कनेक्टरांवर मारू देऊ नका. गाडी चकाचक दिसते आणि दुसऱ्या दिवशी मीटरवर दिव्यांची दिवाळी.

पायरी चौथी: गाडी ताब्यात घेताना

वर्कशॉप बंद व्हायच्या वेळी गाडी घेऊ नका. सहा-साडेसहाला सगळ्यांना घरी जायचं असतं, अंधार पडलेला असतो आणि चूक सापडली तरी मिस्त्री गेलेला असतो. सकाळी घ्या. रात्रभर उभी राहिलेली गाडी खाली काय सांडलंय ते आपणहून दाखवते.

क्रम असा ठेवा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून निदान दहा-पंधरा मिनिटं झालेली. डिपस्टिक पुसून घाला, परत काढा, दोन खुणांच्या मधे ऑइल हवं. कमीइतकंच जास्तही वाईट, हे आता तुम्हाला माहीत आहे. मग बत्ती घेऊन खाली वाका: ड्रेन प्लग, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, त्याच्या तळाच्या पाण्याच्या सेन्सरचा कनेक्टर. हा कनेक्टर लोंबकळत राहिलेला मी दोनदा पाहिला आहे. केबिन झुकवलेली असेल तर ती परत खाली येऊन तिचं कुलूप दोन्ही बाजूंनी बसलंय ना ते हलवून बघा. कुलूप न लागलेली केबिन जोराच्या ब्रेकला पुढे उसळते.

इंजिन सुरू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत गेला पाहिजे. ब्रेकच्या हवेचा काटा पूर्ण चढू द्या, हवेतलं पाणी काढणाऱ्या ड्रायरने 'फुस्स' केलं की इंजिन बंद करून ब्रेकचं पेडल दाबून धरा आणि काटा बघा, कान देऊन ऐका. काटा उतरत राहिला तर हवा कुठेतरी जातेय. ब्रेकचं काम झालं असेल तर मिस्त्रीलाच शेजारी बसवून एक चक्कर मारा. रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का बघा. एक सांगून ठेवतो, ऑटो स्लॅक ॲडजस्टर (लायनर झिजले की ब्रेक आपोआप जुळवून घेणारा भाग) असलेल्या गाडीचे ब्रेक दर सर्व्हिसिंगला हाताने 'टाइट' करणं हा इलाज नाही. ते वारंवार ढिले पडत असतील तर दोष कुठेतरी आत आहे आणि तो शोधायला सांगा.

मग बिल आणि जॉब कार्ड शेजारी शेजारी ठेवा. बिलावर आहे आणि कार्डावर नाही, त्याचा जाब विचारा. कार्डावर आहे आणि बिलावर नाही, ते झालंच नाही असं समजून विचारा. लिटर पुस्तकाशी जुळवा. वॉरंटीत पुढेमागे भांडण झालं तर हेच कागद तुमच्या बाजूने बोलतात. गेटपासवर "काम समाधानकारक" असं छापलेलं असतं. काही राहिलं असेल तर त्याच्यावरच हाताने लिहा आणि मग सही करा.

पायरी पाचवी: पहिले शंभर किलोमीटर

या टप्प्यावर गाडीचा वेग नेहमीपेक्षा कमी, आणि मधे निदान दोन थांबे. पहिला थांबा पंधरा-वीस किलोमीटरवर: खाली वाकून गळती, आणि हात जवळ नेऊन प्रत्येक हबची उष्णता. हबला हात लावू नका, तळहाताची मागची बाजू जवळ नेली तरी फरक कळतो. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. दुसरा थांबा पन्नासच्या पुढे, घाट लागायच्या आधी, आणि चाक उतरवलं असेल तर टॉर्क पाना घेऊन. पाना नसेल तर हायवेवरच्या टायरवाल्याकडे करून घ्या, पण त्याच्याकडे टॉर्क पानाच आहे ना ते बघून. नुसत्या पान्यावर पाइप चढवून उडी मारणारे बरेच आहेत.

आवळून झालं की नटावरून डिस्कवर जाणारी रंगाची एक सरळ रेघ मारा. नट फिरला की रेघ तुटते, लांबूनही दिसतं. नटापासून निघालेली गंजाची तपकिरी ओघळ दिसली तर तिथे हालचाल चालू आहे. हे क्लीनरलाही शिकवा, चहाला थांबल्यावर त्याचे डोळे मोकळेच असतात.

पायरी सहावी: गडबड झालीच तर

आधी जीव. गाडी कडेला, हातब्रेक, चाकाला ओट, मागे त्रिकोण, दिवे चालू. ऑइलचा दिवा लागला असेल तर "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" हा विचार मनात आणू नका. तेवढ्या अंतरात इंजिन जातं, आणि मग वर्कशॉप बरोबरच म्हणेल की दिवा लागल्यावर का चालवली.

काहीही उघडण्याआधी फोटो आणि व्हिडिओ: मीटरचं रीडिंग, बिघडलेली जागा, रस्ता दिसेल असा एक. ॲडव्हायझरला फोन करा, पण फोनवर थांबू नका, तेच मजकुरात पाठवा आणि ईमेलही टाका. वाटेवरच्या मिस्त्रीने हात लावला की "आमच्यानंतर दुसऱ्याने उघडलं" हे वाक्य तयार होतं. त्यामुळे गाडी सुरक्षित जागी असेल तर त्यांचा माणूस येईपर्यंत थांबा. घाटाच्या मधोमध असाल तर थांबू नका, करून घ्या, फक्त जुने नट, रबर, प्लग जे निघेल ते पिशवीत ठेवा.

भाषा जपून वापरा. मिस्त्री बहुतेक वेळा लुच्चा नसतो, एका दिवसात जास्त गाड्या अंगावर घेतलेला कामगार असतो. आपण आरडाओरडा केला की सर्व्हिस मॅनेजर बचावात जातो. कार्ड, बिल आणि फोटो टेबलावर ठेवून "तुम्हीच सांगा, काय करायचं?" विचारलं तर बहुधा मार्ग निघतो. तिथे नाही निघाला तर कंपनीच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवा. डीलर आणि कंपनी वेगळ्या असतात, आणि डीलरला कंपनीकडून आलेल्या पत्राची किंमत तुमच्या पत्रापेक्षा जास्त.

तरीही नाहीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. इथे ट्रकवाल्यांना एक अडथळा येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा 'ग्राहका'च्या व्याख्येबाहेर जाते. पण स्वयंरोजगारातून आपलं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात मोडत नाही, असं कायद्यातच स्पष्टीकरण दिलं आहे. एक गाडी, तीच रोजीरोटी, असं असेल तर तक्रारीत ते पहिल्याच परिच्छेदात ठळक लिहा. दहा गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असतील तर समोरचा वकील नेमका याच मुद्द्यावर पहिला हल्ला करणार. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची असते, स्वतः लढता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. "सर्व्हिसिंगमुळेच बिघडलं" हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र तुमच्यावर. पिशवीतला तो जुना प्लग आणि एखाद्या जाणकार इंजिनिअरचा लेखी अहवाल इथे कामी येतात.

माझ्या त्या कांद्याच्या गाडीचं काय झालं ते सांगून टाकतो. डिस्कची भोकं लंबगोल झाली होती, चार स्टडचे आटे गेले होते. वर्कशॉपने डिस्क, स्टड आणि नट स्वतःच्या खर्चाने बदलले, ते तीन दिवसांनी. तेवढ्यात माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला, त्याची हमाली आणि हुकलेलं भाडं मी मागितलं. मॅनेजरने जॉब कार्ड पुढे सरकवलं आणि विचारलं, "शेठ, यात ब्रेकचं काम कुठे लिहिलंय?" नव्हतंच लिहिलेलं. पुढच्या सर्व्हिसिंगची मजुरी माफ, एवढ्यावर मिटलं. उस्तादांनी मात्र त्या दिवसापासून सीटखाली पिवळ्या ऑइलपेंटची डबी आणि एक ब्रश ठेवलाय, आणि वर्कशॉपच्या गेटवर ते आता माझ्याआधी जॉब कार्ड मागतात.